कर्नल अपडेटनंतर लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण उजेडावर अडकला आहे, उपाय हवा

काजवा
नमस्कार. काल सिस्टीम अपडेट केली. त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ वरून ६.८ वर गेला आणि रीस्टार्ट केल्यापासून स्क्रीन कायम पूर्ण उजेडावर आहे. वरच्या पट्टीतल्या मेनूत ब्राइटनेसचा स्लायडर असायचा, तोच गायब झालाय. कीबोर्डवरची सूर्याच्या चित्राची बटणं दाबली तर काहीच होत नाही. मी रात्री उशिरापर्यंत भाषांतराचं काम करते. डोळ्यांना त्रास होतोच, शिवाय बॅटरीही भराभर उतरतेय.

लॅपटॉप साधारण आठ वर्षं जुना आहे. ग्राफिक्स इंटेलचं, आतलंच. वेगळं कार्ड नाही. आधी दादा वापरायचा, लिनक्स त्यानेच टाकून दिलं होतं. नेटवर शोधलं तर प्रत्येक ठिकाणी ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम) वेगवेगळी ओळ घालायला सांगतात. त्यातली माझ्यासाठी कुठली, हे कळत नाही, आणि भलतंच काही घातलं नि मशीन सुरूच झालं नाही तर काय, ही भीती आहे. टर्मिनल वापरता येतं. नेमकं काय बघायचं ते कोणी सांगेल का?

पाऊलवाट
काजवा, ग्रबला अजून हात लावू नका. आधी दोन गोष्टी बघू.

पहिली: जुना कर्नल अजून डिस्कवर असणारच. अपडेट झालं तरी मागचा एखादा कर्नल ठेवून देण्याची बहुतेक डिस्ट्रोंची (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांची) पद्धत आहे, ती अशाच वेळेसाठी. मशीन सुरू होताना एस्केप दाबत राहा (जुन्या बायॉसवर शिफ्ट), ग्रबचा मेनू येईल. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन ५.१५ निवडा. तिथे ब्राइटनेस पूर्ववत चालला तर हार्डवेअर ठीक आहे, पॅनेल ठीक आहे आणि तुमचं आजचं कामही अडत नाही.

दुसरी: दोन्ही कर्नलांवर एकेकदा /सिस/क्लास/बॅकलाइट या फोल्डरात काय दिसतं ते ‘एलएस’ने बघा आणि इथे लिहा. आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते ‘यूनेम -आर’ सांगतं.

या धाग्यावर कमांड आणि फाइलींची नावं आपण उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि सगळं लहान लिपीत टाइप करायचं.

बिनतारी
मला हाच त्रास झाला होता. ग्रबमध्ये ‘एसीपीआय_ओएसआय=लिनक्स’ घाला, रीस्टार्ट करा, काम होतं. माझ्याकडे इतकी वर्षं बिनतक्रार चालू आहे.

पाऊलवाट
बिनतारी, तुमचं मशीन कुठल्या सालातलं आहे? विचारतो कारण या एका ओळीने ब्राइटनेसपेक्षा बरंच काही बदलतं.

लॅपटॉपचं फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला मूळ प्रोग्राम, बायॉस म्हणतात तो) सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतं, ‘तू कोण?’ उत्तर पाहून ते आपल्या वागण्याच्या वेगवेगळ्या वाटा निवडतं. लिनक्स बहुतेक ठिकाणी आपण विंडोज असल्याचं उत्तर देतो, कारण बनवणाऱ्यांनी त्याच वाटेवर चाचणी केलेली असते. ‘लिनक्स’ असं उत्तर दिलं की फर्मवेअर कधी न तपासलेल्या वाटेने जाऊ शकतं. त्यात ब्राइटनेस सुरू झाला तरी झोपेतून जागं होणं, पंखा, टचपॅड यातलं काहीतरी बिघडण्याची शक्यता असते, आणि मग महिन्याभराने दुसरा धागा निघतो ज्यात या ओळीचा कोणालाच संशय येत नाही. म्हणून ती शेवटची, इतर सगळं करून झाल्यावरची गोष्ट मानावी.

बिनतारी
२०१० च्या आसपासचं आहे. विंडोज ७ सोबत आलेलं. तेव्हा सगळीकडे हाच उपाय सांगायचे.

पाऊलवाट
मग त्या मशीनसाठी ते जुळून गेलं असेल, तिथे बदलायची गरज नाही. काजवा यांचं मशीन त्यानंतरचं आहे आणि मधे बरंच बदललंय. त्यांचं उत्तर येऊ दे.

काजवा
पाहिलं.
५.१५ वर: फोल्डरात ‘इंटेल_बॅकलाइट’ दिसतं. ब्राइटनेस व्यवस्थित चालतो, स्लायडरही आहे.
६.८ वर: फोल्डर पूर्ण रिकामं. काहीच नाही.
जुना कर्नल निवडता येतो हे कळल्यानेच अर्धी काळजी मिटली. आत्ता ५.१५ वरूनच लिहितेय.

पाऊलवाट
उत्तम, फार स्पष्ट माहिती दिलीत. फोल्डर रिकामं म्हणजे डेस्कटॉपला स्लायडर दाखवायला उपकरणच सापडत नाही. डेस्कटॉपची सेटिंग्ज, एक्सटेन्शन, थीम यात शोधत बसायचं कारण नाही, अडचण त्याच्या खाली आहे.

आता ६.८ वर जाऊन या दोन कमांड चालवा:
‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’
‘सुडो डीमेसेज’ (कर्नलने लिहिलेल्या नोंदी दाखवतं; सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) चालवून त्याच्या आउटपुटमध्ये ‘बॅकलाइट’ हा शब्द ‘ग्रेप -आय’ने शोधा.

पहिलीत कर्नलला सुरू होताना काय काय सांगितलं गेलं ते दिसतं. मला तिथेच शंका आहे. मशीन तुमच्याकडे दुसऱ्याकडून आलंय, तेव्हा कधीतरी काहीतरी घालून ठेवलेलं असू शकतं.

काजवा
पहिलीत शेवटी हे आहे: ‘क्वाएट स्प्लॅश एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर’
दुसरीत इंटेलच्या ड्रायव्हरची एक ओळ आहे: ‘स्किपिंग इंटेल_बॅकलाइट रजिस्ट्रेशन’
म्हणजे ड्रायव्हर स्वतःच सांगतोय की मी हे काम सोडून देतोय? पण का? आणि ती व्हेंडरवाली ओळ तर ५.१५ वरही होती, तेव्हा कसं चालत होतं?

पाऊलवाट
सापडलं. तुमचा प्रश्नही नेमका आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ही गोष्ट समजली की पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

लॅपटॉपच्या पॅनेलमागच्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचे तीन मार्ग असतात. पहिला फर्मवेअरचा: एसीपीआयमध्ये (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला ठरलेला दुवा) त्यासाठी ठरलेल्या पद्धती असतात, कर्नल त्यांना आकडा देतो आणि पुढचं काम फर्मवेअर करतं. फोल्डरात हे ‘एसीपीआय_व्हिडिओ०’ म्हणून दिसतं. दुसरा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा खास: काही जुन्या मॉडेलांत हे काम कंपनीच्या स्वतःच्या चिपकडे असतं आणि त्यासाठी कर्नलमध्ये वेगळं मॉड्यूल असतं. हाच ‘व्हेंडर’. तिसरा ग्राफिक्स ड्रायव्हरचा थेट मार्ग, त्याला ‘नेटिव्ह’ म्हणतात: ‘इंटेल_बॅकलाइट’, ‘एएमडीजीपीयू_बीएल०’ वगैरे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून विंडोज स्वतः तिसऱ्या मार्गाने जाऊ लागलं. साहजिकच पहिल्या मार्गाकडे लक्ष देणं बऱ्याच ठिकाणी थांबलं. तो फर्मवेअरमध्ये नावाला असतो, पण धड चालतोच असं नाही. म्हणून लिनक्सनेही तोच नियम धरला: फर्मवेअर विंडोज ८ किंवा पुढच्यासाठी लिहिलेलं दिसलं की नेटिव्हला पसंती.

आता तुमचा मुद्दा. कर्नल ६.० पर्यंत ग्राफिक्स ड्रायव्हर कोणालाही न विचारता आपलं उपकरण नोंदवायचा. त्यामुळे एकाच पॅनेलसाठी कधी दोन तर कधी तीन नोंदी दिसायच्या आणि त्यातली खरी कुठली हे डेस्कटॉपला अंदाजाने ठरवावं लागायचं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ मध्ये हे बदललं. हान्स दे गुडे या कर्नल विकसकाने हा सगळा भाग नव्याने मांडला: एका पॅनेलला एकच नोंद, आणि ती कुठल्या मार्गाची हे कर्नलच एका जागी ठरवणार. ड्रायव्हर आता आधी विचारतो, ‘नेटिव्ह चालेल ना?’ आणि उत्तर नाही आलं तर नोंद न करता बाजूला होतो.

‘एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर’ म्हणजे ‘कंपनीचाच मार्ग वापर’ असा हुकूम. ५.१५ ने तो पाळून एसीपीआयची नोंद केली नाही. पण इंटेलचा ड्रायव्हर कोणाला विचारतच नव्हता, त्यामुळे त्याची नोंद झाली आणि तुमचा ब्राइटनेस चालत राहिला. ६.८ ने तोच हुकूम पूर्णपणे पाळला. इंटेलच्या ड्रायव्हरला ‘नाही’ म्हटलं, आणि कंपनीचं मॉड्यूल तुमच्या मॉडेलला नसल्यामुळे उरलं शून्य. एकेकाळी कामाची असलेली ओळ आता दार लावून बसली आहे.

उपाय: ती ओळ काढायची. नवीन काहीही घालायचं नाही.

काजवा
हे इतकं स्पष्ट कुठेच वाचलं नव्हतं. काढायची कशी? आधी तात्पुरती काढून बघता येते का?

पाऊलवाट
येते, आणि तसंच करा. ग्रबच्या मेनूत ६.८ वर उभं राहून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी असलेलं ‘एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर’ तेवढं पुसा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. काही बिघडलं तर पुन्हा रीस्टार्ट करा, सगळं होतं तसं येतं. इथे न घाबरता प्रयोग करायला हरकत नाही.

चाललं तर मग कायमचं: /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडोने उघडा, ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीतून (हे नाव मात्र फाइलीत मोठ्या लिपीत असतं) तेवढाच भाग काढा, फाइल सेव्ह करा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ही शेवटची कमांड डेबियन आणि त्यावरून आलेल्या डिस्ट्रोंची. फेडोरावर हेच काम ‘ग्रबी’ करतं. आर्चवर ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ला आउटपुट फाइलचा पत्ता द्यावा लागतो.

गवाक्ष
एक भर घालते. असंच आणखी एक विसरलेलं प्रकरण म्हणजे ‘नोमोडसेट’. लिनक्स टाकताना स्क्रीन काळी येत असेल तर इन्स्टॉल करताना हे घातलं जातं आणि पुढे तसंच राहतं. ते असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर नीट सुरूच होत नाही, मग नेटिव्ह ब्राइटनेस कुठून येणार? ‘एलएसपीसीआय -के’ चालवून ग्राफिक्सच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते बघावं. ती ओळच नसेल तर ब्राइटनेस विसरून आधी ड्रायव्हर का चालू होत नाही ते शोधायचं. स्क्रीनवर चित्र येतंय म्हणजे ड्रायव्हर चालू आहे असं नाही. फर्मवेअरने लावून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवरही (चित्र ठेवायची मेमरीतली जागा) सगळा डेस्कटॉप दिसतो, फक्त थोडा जड चालतो.

काजवा
चाललं! ‘ई’ दाबून तेवढा शब्द काढला आणि ६.८ वर स्लायडर परत आला, बटणंही चालायला लागली. फाइलीतूनही काढलं, रीस्टार्ट करून खात्री केली. पाऊलवाट, मनापासून आभार. दादालाही सांगितलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फार जुन्या कर्नलवर ती ओळ खरंच लागायची.

एकच छोटी गोष्ट उरली आहे. प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर उजेड फार मंद असतो, मला वाढवावा लागतो. हे कशामुळे?

पाऊलवाट
सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) एक सेवा मशीन बंद होताना ब्राइटनेसचा आकडा /व्हार/लिब/सिस्टमडी/बॅकलाइट इथे लिहून ठेवते आणि सुरू होताना परत लावते. तिथे जुना आकडा पडून असेल. त्या फोल्डरातल्या फाइली काढून टाका, एकदा हवा तो ब्राइटनेस लावा आणि नीट शटडाउन करा (पॉवर बटण दाबून धरून नव्हे, तसं केलं तर आकडा लिहिलाच जात नाही). पुढच्या वेळेपासून बरोबर येईल.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही त्रास देते, म्हणून लिहून ठेवतो. प्रत्येक उपकरणाला ‘मॅक्स_ब्राइटनेस’ ही फाइल असते आणि तो कमाल आकडा ठरलेला नसतो. कुठे १५, कुठे २५५, कुठे हजारांत. कर्नल किंवा ड्रायव्हर बदलला की हा आकडाही बदलू शकतो. ज्यांनी स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ‘२००’ असा थेट आकडा लिहिलाय, त्यांना अपडेटनंतर अचानक जवळजवळ काळी स्क्रीन दिसते. स्क्रिप्टमध्ये कमाल आकडा वाचून त्याची टक्केवारी काढावी, किंवा सरळ ‘ब्राइटनेससीटीएल’ वापरावं, ते टक्क्यांत घेतं.

टिंब
माझीही यातच भर. एएमडीचं ग्राफिक्स आहे. अपडेटनंतर माझ्या स्क्रिप्टला ‘एएमडीजीपीयू_बीएल०’ सापडेना. बघितलं तर आता नाव ‘एएमडीजीपीयू_बीएल१’ झालंय. स्लायडर व्यवस्थित चालतो, फक्त स्क्रिप्ट अडली. नाव का बदलतं?

पाऊलवाट
शेवटचा आकडा ग्राफिक्स कार्डाच्या क्रमांकावरून येतो. सुरुवातीला साधा फ्रेमबफर ड्रायव्हर ‘कार्ड०’ घेऊन बसतो, खरा ड्रायव्हर मागून येतो आणि त्याला ‘कार्ड१’ मिळतं. स्क्रिप्टमध्ये ठरावीक नाव लिहू नका. फोल्डरात जे असेल ते घ्या. ६.१ नंतर एका पॅनेलला एकच नोंद असते, त्यामुळे हे आता सोपं झालंय.

टिंब
जमलं, धन्यवाद. आणखी एक: त्याच मशीनवर चार्जर काढला की रंग फिके पडतात, पांढरं करडं दिसतं. ब्राइटनेसचा आकडा मात्र तोच राहतो. पॅनेल खराब झालंय का?

गवाक्ष
बहुधा नाही. हे मी जवळून पाहिलंय. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये बॅटरी वाचवायची एक सोय आहे: मागचा दिवा थोडा मंद करायचा आणि त्याची भरपाई म्हणून चित्रातले रंग वर खेचायचे. कर्नल ६.९ पासून हे सुरू-बंद करायची सोय ‘पॅनल_पॉवर_सेव्हिंग्ज’ या फाइलीतून मिळाली आणि पॉवर प्रोफाइल सांभाळणारी सेवा ती आपणहून वापरायला लागली. त्यामुळे बॅटरीवर गेलं की आपोआप लागू होतं. /सिस/क्लास/डीआरएम खाली तुमच्या ईडीपी (लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनची जोडणी) पॅनेलच्या फोल्डरात ही फाइल शोधा, बॅटरीवर असताना त्यात शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर हेच कारण.

तात्पुरतं बघायचं तर पॉवर प्रोफाइल ‘परफॉर्मन्स’ करा. कायमचं नको असेल तर कर्नलला ‘एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=०’ सांगा. इथे मात्र ओळ घालणं योग्य आहे, कारण काय बंद करतोय हे माहीत आहे. फोटोंवर काम करणाऱ्यांनी तर हे नक्की करावं, नाहीतर बॅटरीवर केलेली रंगदुरुस्ती चार्जरवर वेगळीच दिसते.

टिंब
तेच होतं. फाइलीत ३ होते. शून्य केल्यावर रंग परत आले.

उंबरा
माझी अडचण वेगळी आहे. फोल्डरात ‘इंटेल_बॅकलाइट’ आहे, स्लायडर आहे, पण सरकवला तरी उजेड तसाच. ‘ब्राइटनेस’ फाइलीत आकडा लिहायला गेलो तर सुडो लावूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं. कमांड अशी दिली होती: सुडो एको ५००, मग मोठं-चं चिन्ह, मग फाइल.

पाऊलवाट
परवानगीचं आधी. सुडो फक्त एकोला लागतो, फाइलीत लिहिण्याचं काम तुमचं साधं शेल करतं, म्हणून नकार. ‘एको ५०० | सुडो टी’ आणि पुढे फाइलीचा पत्ता, असं द्या. एक सांभाळा: शून्य लिहू नका. काही ड्रायव्हरांत शून्य म्हणजे दिवा पूर्ण बंद आणि मग आंधळेपणाने टाइप करावं लागतं.

लिहिल्यावर ‘ब्राइटनेस’ आणि ‘अ‍ॅक्च्युअल_ब्राइटनेस’ या दोन्ही फाइली वाचा. आणि एक महत्त्वाचं: पॅनेल ओएलईडी आहे का?

उंबरा
हो, ओएलईडी. टी वापरून आकडा लिहिला गेला. दोन्ही फाइली ५०० दाखवतात, उजेड मात्र हलत नाही.

पाऊलवाट
मग गोष्ट जुळते. ओएलईडीला मागचा दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. साध्या एलसीडीत ड्रायव्हर एका तारेवर दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड ठरवतो; ओएलईडीला तसं करून काहीच होत नाही. तिथे डिस्प्लेपोर्टच्या बाजूच्या संदेशवाहिनीतून पॅनेलला आकडा पाठवावा लागतो. यातली कुठली पद्धत वापरायची हे ड्रायव्हर लॅपटॉपच्या व्हिडिओ बायॉसच्या तक्त्यावरून ठरवतो. तक्ता चुकीचा असेल किंवा अपडेटमध्ये निर्णयाची पद्धत बदलली, तर आकडे बदलत राहतात आणि स्क्रीन ढिम्म.

ग्रबमध्ये ‘ई’ दाबून तात्पुरतं ‘आय९१५.इनेबल_डीपीसीडी_बॅकलाइट=१’ घालून बघा (आय९१५ हे इंटेलच्या ड्रायव्हरचं नाव). नाही चाललं तर १ च्या जागी ३; त्याने इंटेलची स्वतःची पद्धत सक्तीने लागू होते. २ ने व्हेसाची (डिस्प्लेची प्रमाणं ठरवणारी संस्था). एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी काय झालं ते लिहून ठेवा. एएमडीवाल्यांसाठी असाच ‘एएमडीजीपीयू.बॅकलाइट’ आहे: ० म्हणजे तारेची पद्धत, १ म्हणजे संदेशवाहिनीची.

उंबरा
३ ने चालू झालं. खूप आभार. मधल्या काळात मी ‘एक्सरँडआर’ या स्क्रीनची सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडच्या ब्राइटनेस पर्यायावर दिवस काढत होतो.

गवाक्ष
उंबरा, तुमचं पॅनेल ओएलईडी असल्याने गडद ठिपके खरंच कमी वीज घेतात, पण एलसीडीवर तो पर्याय फसवा आहे. तो फक्त चित्र काळपट करतो, मागचा दिवा पूर्ण पेटलेलाच राहतो आणि बॅटरी तशीच उतरते. वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत) तर तो लागूच होत नाही. जुन्या धाग्यांमध्ये उपाय म्हणून जागोजागी सापडतो, म्हणून सांगितलं.

बिनतारी
एक वेगळाच प्रकार. नातेवाइकांच्या लॅपटॉपात एनव्हिडियाचं कार्ड आहे, बायॉसमध्ये तेच कायम चालू ठेवलंय. कर्नल अपडेटनंतर रिझोल्युशनही कमी आणि ब्राइटनेसही गायब. पाऊलवाट यांच्या पद्धतीने बघितलं: फोल्डर रिकामं, सीएमडीलाइनमध्ये काही जास्तीचं नाही.

पाऊलवाट
रिझोल्युशनही कमी झालंय यावरून ड्रायव्हरच बसलेला नाही. तो ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा आहे, प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि हे काम डीकेएमएस करतं. त्यासाठी त्याच आवृत्तीचं हेडर्सचं (बांधणीसाठी लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचं) पॅकेज लागतं. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर हेडर्स टाका आणि ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ द्या. ‘इन्स्टॉल्ड’ असूनही चालत नसेल तर सिक्युअर बूट बघा. सही नसलेलं मॉड्यूल सिक्युअर बूट आत घेत नाही, आणि डीमेसेजमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

बिनतारी
हेडर्सच नव्हते. टाकले, सगळं परत आलं. फोल्डरात आता ‘एनव्हिडिया_डब्ल्यूएमआय_ईसी_बॅकलाइट’ दिसतं.

पाऊलवाट
बरोबर, काही मॉडेलांत ब्राइटनेस एम्बेडेड कंट्रोलरच्या (लॅपटॉपमधली छोटी नियंत्रक चिप) हाती असतो, त्यासाठीची ही नोंद.

शिंपला
मी फक्त बटणांबद्दल विचारते. स्लायडर चालतो, बटणं नाहीत. हे याच धाग्यात बसतं का?

गवाक्ष
बसतं, पण मार्ग वेगळा. स्लायडर चालतो म्हणजे ब्राइटनेसची बाजू ठीक आहे. आता बटणाचा संदेश पोहोचतो का ते बघायचं. ‘सुडो ईव्हीटेस्ट’ चालवा, यादीत ‘व्हिडिओ बस’, कीबोर्ड आणि नावात ‘डब्ल्यूएमआय’ (कंपनीच्या खास बटणांचे संदेश देणारी फर्मवेअरची सोय) असलेलं एखादं उपकरण असेल. एकेक निवडून बटण दाबा. कमी करण्याचा कोड २२४, वाढवण्याचा २२५. कोड येत असेल तर डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये गडबड आहे. कुठेच काही उमटत नसेल तर कंपनीचं डब्ल्यूएमआय मॉड्यूल नव्या कर्नलवर लोड झालंय का ते ‘एलएसमॉड’मध्ये शोधा. आणि एका दाबात दोन पायऱ्या सरकत असतील तर संदेश दोन ठिकाणांहून येतोय.

शिंपला
कोड येतोय, २२४ आणि २२५ दोन्ही. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ते शॉर्टकट रिकामे होते. भरले, झालं.

काजवा
एक शेवटचं विचारते. समजा एखाद्याने हे सगळं बघितलं, सीएमडीलाइन स्वच्छ आहे, ड्रायव्हर बसलाय, तरी जुन्या कर्नलवर चालतं आणि नव्यावर नाही. मग काय करायचं? कायम जुन्यावरच राहायचं?

पाऊलवाट
काही दिवस जुन्यावर राहायला हरकत नाही, पण कायम नको. सुरक्षेच्या दुरुस्त्या चुकतात. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे कळवलं नाही तर ते दुरुस्त होत नाही. आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलने बिघडू नये हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आग्रहाने लावून धरलेला नियम आहे. त्यामुळे ‘अमुक आवृत्तीवर चालत होतं, तमुकवर बंद पडलं’ अशा तक्रारीकडे साध्या तक्रारीपेक्षा लवकर लक्ष दिलं जातं.

ब्राइटनेसच्या बाबतीत तर कर्नलमध्ये मॉडेलांची एक यादीच आहे: हे मॉडेल असेल तर नेटिव्ह, ते असेल तर एसीपीआय. ६.१ नंतर त्यात भर पडत गेली ती वापरणाऱ्यांनी कळवल्यामुळेच. ‘एसीपीआय_बॅकलाइट’ला नेटिव्ह, व्हिडिओ, व्हेंडर यातला एकेक पर्याय देऊन बघा. एखाद्याने चाललं तर ग्रबमध्ये ठेवून गप्प बसू नका, कळवा. तुमच्या मॉडेलची एक नोंद यादीत गेली की ते मॉडेल वापरणाऱ्या कोणालाच पुढे ती ओळ घालावी लागत नाही.

कळवायचं कुठे? आधी आपल्या डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर. इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर त्यांचे वेगळे ट्रॅकर आहेत.

सोबत काय द्यायचं: चालणारी आणि न चालणारी आवृत्ती, दोन्हींवरची बॅकलाइट फोल्डरातली यादी, दोन्हींचा पूर्ण डीमेसेज, सीएमडीलाइन, आणि मॉडेलची ओळख. ओळखीसाठी /सिस/क्लास/डीएमआय/आयडी मधल्या ‘सिस_व्हेंडर’, ‘प्रॉडक्ट_नेम’ आणि ‘बोर्ड_नेम’ या तीन फाइली पुरतात. ‘डीएमआयडीकोड’चं पूर्ण आउटपुट चिकटवू नका, त्यात सिरीयल नंबर असतो.

टिंब
वेळ असेल तर ‘गिट बायसेक्ट’ही करता येतं. लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असले तरी दर वेळी निम्मे बाद होत जातात, त्यामुळे चौदाएक फेऱ्यांत नेमका बदल सापडतो. प्रत्येक फेरीत कर्नल बांधावा लागतो. जुन्या मशीनवर रात्रभराचं काम आहे, पण दुसऱ्या वेगवान मशीनवर बांधून इथे आणता येतं. नेमका बदल दाखवून दिला की बहुतेक वेळा त्याचा लेखकच उत्तर देतो.

काजवा
समजलं. दादाच्या जुन्या ऑफिसात हेच मॉडेल आणखी काही जण वापरतात. सगळ्यांच्या सीएमडीलाइनमध्ये ती व्हेंडरची ओळ आहे का हे तो आज विचारतोय. असेल तर त्यांनी अपडेट करायच्या आधीच काढून घ्यावी, असं सांगितलंय.

पाऊलवाट
त्यांना आधी ‘ई’ दाबून तात्पुरतं काढून बघायला सांगा. एखाद्याकडे कर्नल अजून जुना असेल आणि ओळ काढल्यावर फोल्डरात दोन नोंदी दिसल्या, तर घाबरायचं कारण नाही, ६.१ च्या आधी तसंच असायचं.